पूर्व जर्मनीचे खेळाडू परत का जात होते? पाळतीखालच्या आयुष्याविषयी सविस्तर उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्व जर्मनीचे खेळाडू वर्षातून अनेकदा पश्चिमेकडील देशांत जात होते, तिथे त्यांना आसरा मिळण्याची जवळजवळ खात्री होती, पश्चिम जर्मनी तर त्यांना थेट नागरिक मानत होती, तरीही बहुतेक जण स्पर्धा संपल्यावर परत का गेले, आणि जे परत गेले त्यांना त्या राजवटीचे लाभार्थी म्हणावे का? श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, फायली वाचणे आणि स्वतःची फाईल पाहण्यासाठी अभिलेखागारात येणाऱ्या माणसांना ती वाचायला मदत करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की ही पाळत भिंतीतल्या मायक्रोफोनवर कमी आणि खेळाडूच्या रोजच्या माणसांवर जास्त उभी होती. खेळाडू सीमेपलीकडे गेला तरी ती माणसे अलीकडेच राहत होती. त्यामुळे 'पळाला' आणि 'परत आला' या दोन रकान्यांत माणसे घालून त्यांचा निवाडा करणे मला मुळातच चुकीचे वाटते.

आधी यंत्रणेचा आवाका सांगतो. १९५० मध्ये स्थापन झालेल्या श्टाझीचे १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी होते आणि त्यांच्याखेरीज दीड लाखाहून कितीतरी अधिक खबरे होते. देशाची लोकसंख्या होती जेमतेम एक कोटी चौसष्ट लाख. खेळासाठी या खात्यात स्वतंत्र विभाग होता. एवढेच नव्हे, तर १९५७ पासून अखेरपर्यंत श्टाझीचा मंत्री राहिलेला एरिश मील्के हाच 'डायनॅमो' या क्रीडासंघटनेचा अध्यक्ष होता. पोलीस आणि गुप्त पोलीस यांची ही संघटना. तिच्या झेंड्याखाली खेळणारे अनेक जण कागदोपत्री पोलीस खात्याचे नोकर असत. बर्लिनचा बीएफसी डायनॅमो हा फुटबॉल संघ मील्केच्या खास मर्जीतला होता आणि १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षे तो राष्ट्रीय विजेता ठरला. पाळत ठेवणारा आणि क्लबचा मालक एकच असल्यावर खेळाडूने तक्रार तरी कोणाकडे न्यायची?

पाळतीची सुरुवात पहिल्या परदेश दौऱ्यापासून होत नसे, ती शाळेत होत असे. देशभरातील मुलामुलींची पद्धतशीर चाचणी घेऊन निवडलेल्यांना क्रीडाशाळांत आणि तिथून क्लबांत धाडले जाई आणि या वाटेवर घराण्याची छाननी होई. पश्चिम जर्मनीत मामा आहे का, आजी तिकडून पार्सले पाठवते का, वडील चर्चमध्ये जातात का, आईबापांचा सत्ताधारी पक्षाविषयीचा सूर कसा आहे, हे सगळे नोंदवले जाई. पश्चिमेत जवळचे नातेवाईक असणे ही मोठी अडचण ठरे. अनेक कुटुंबांनी मुलाच्या किंवा मुलीच्या खेळापायी सख्ख्या भावंडांशी पत्रव्यवहार तोडल्याचे दाखले फायलींत दिसतात. पोहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगत नसे; तिला फक्त एवढेच कळे की मावशीची पत्रे यायची थांबली आहेत.

या छाननीत न बसणाऱ्याचे काय होत असे, हे सायकलपटू वोल्फगांग ल्योट्श यांच्या आयुष्यात दिसते. कार्ल-मार्क्स-श्टाट, म्हणजे आजचे केम्नित्झ, या शहरातला हा तरुण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी तयार होत होता. त्याचा एक चुलतभाऊ पश्चिमेत पळाला आणि त्याने स्वतः पक्षाचे सभासदत्व घ्यायला नकार दिला. तेवढ्यावर त्याला क्लबमधून काढून टाकण्यात आले. पुढे तो कारखान्याच्या साध्या संघाकडून, सरकारी सायकल, सरकारी डॉक्टर आणि सरावशिबिरे यांपैकी काहीही नसताना शर्यतींत उतरला आणि राष्ट्रीय संघातल्या गड्यांना वारंवार हरवत राहिला. १९७६ मध्ये राज्याची निंदा केल्याच्या आरोपावरून त्याला दहा महिने तुरुंगात काढावे लागले. परदेशातली मोठी शर्यत त्याच्या वाट्याला आलीच नाही. त्याच्याभोवती जे खबरे पेरले होते त्यांत त्याच्याबरोबर सराव करणारे होते. त्याची कहाणी मी मुद्दाम आधी सांगतो, कारण 'जे राहिले ते लाभार्थी' या समजुतीत हा माणूस कुठेच बसत नाही.

आता दौऱ्यांकडे येतो. परदेशात जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाला आधी मंजुरी लागत असे आणि ती मंजुरी कायमची नसे, ती प्रत्येक वेळी नव्याने तपासली जाई. लग्न मोडत आले आहे, प्रशिक्षकाशी खटके उडत आहेत, पाश्चिमात्य कपड्यांचा सोस वाढला आहे अशी कुठलीही नोंद नाव कापायला पुरेशी होती. पासपोर्ट पथकप्रमुखाच्या ताब्यात राहत. खोलीत दोघे, शहरात फिरायचे तर गटाने, परदेशी खेळाडूशी बोलणे झाले तर त्याचा अहवाल द्यायचा. पथकात डॉक्टर, मालिश करणारा, पदाधिकारी किंवा संघातलाच एखादा सोबती खबऱ्या असे आणि तो कोण हे इतरांना ठाऊक नसे. खबऱ्यावरही दुसरा खबऱ्या असू शकत होता. बायको आणि मुले घरी राहत. हा नियम कोणी ओलीस शब्द उच्चारून सांगत नसे, पण त्याचा अर्थ न समजणारा खेळाडू मला अजून भेटलेला नाही.

फुटबॉलमधली दोन प्रकरणे शेजारी ठेवली तर ही पद्धत उलगडते. पहिले प्रकरण डायनॅमो ड्रेस्डेन या संघाचे. राष्ट्रीय संघ अर्जेंटिनाच्या दौऱ्यासाठी निघाला असताना, २४ जानेवारी १९८१ रोजी, बर्लिनच्या श्योनेफेल्ड विमानतळावर गेर्ड वेबर, पेटर कॉटे आणि माथियास म्युलर या तिघांना ताब्यात घेण्यात आले. वेबर हा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघाचा खेळाडू. पश्चिम जर्मनीतल्या कोलोनच्या क्लबकडून त्याला निमंत्रण आले होते आणि ते त्याने बाकीच्या दोघांच्या कानावर घातले होते. वेबरला तुरुंगवास झाला. कॉटे आणि म्युलर यांनी पळून जायचे नाही असे आधीच ठरवले होते. त्यांचा दोष एवढाच की मित्राचा बेत माहीत असून त्यांनी तो कळवला नाही. त्यापायी त्या दोघांना वरच्या दोन श्रेणींत खेळायला कायमची बंदी झाली. विशीतले दोन राष्ट्रीय खेळाडू एका दिवसात तिसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर फेकले गेले. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की स्वतः वेबर हाही श्टाझीच्या दफ्तरी खबऱ्या म्हणून नोंदलेला होता. म्हणजे खबऱ्या होणे हे संरक्षण नव्हते, आणि गप्प राहणे हाही गुन्हाच होता. ज्यांनी काहीच केले नाही त्यांना झालेली ही शिक्षा पुढे प्रत्येक संघाच्या खोलीत सर्वांच्या लक्षात राहिली असणार. मित्राने काही सांगायला तोंड उघडले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा हाच तिचा हेतू होता.

दुसरे प्रकरण लुट्झ आयगेनडोर्फ याचे. मील्केच्या लाडक्या बीएफसी डायनॅमोचा हा बावीस वर्षांचा खेळाडू. मार्च १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न इथे मैत्रीपूर्ण सामना झाला आणि परतीच्या वाटेवर संघाची बस गीसेन शहरात थोडा वेळ थांबली. तिथे तो गटातून निसटला आणि टॅक्सी करून कायझर्सलाउटर्नला परत गेला. नियमाप्रमाणे एक वर्षाची बंदी भोगून तो तिथल्या क्लबकडून आणि नंतर ब्राउनश्वाइगकडून खेळला. त्याची बायको आणि लहान मुलगी पूर्व बर्लिनमध्ये मागे राहिल्या होत्या. बायकोवर चोवीस तास नजर ठेवण्यात आली आणि पुढे तिच्याशी जवळीक साधण्यासाठी श्टाझीने एक माणूस पाठवला. तिचा घटस्फोट झाला आणि तिने त्या माणसाशी लग्न केले. तो कोण होता हे फायली उघडल्यावरच उजेडात आले. आयगेनडोर्फच्या पश्चिमेतल्या घराभोवतीही खबरे होते आणि त्याच्या गाडीने जाण्यायेण्याच्या वाटांची नोंद ठेवली जात होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याने पश्चिम बर्लिनमध्ये दूरचित्रवाणीवर पूर्व जर्मनीच्या फुटबॉलवर टीका केली. ५ मार्चच्या रात्री त्याची गाडी झाडावर आदळली आणि ७ मार्चला तो मरण पावला. रक्तात मद्याचे प्रमाण जास्त आढळले. आदल्या काही तासांत त्याला भेटलेल्यांनी मात्र तो इतका प्याला नव्हता असे सांगितले. श्टाझीचा हात असल्याचा संशय अनेक अभ्यासकांनी कागदपत्रांच्या आधारे मांडला आहे, न्यायालयात मात्र तो कधीही सिद्ध झालेला नाही, आणि म्हणून मी 'खून' हा शब्द वापरत नाही. बायकोच्या आयुष्यात हस्तक घुसवला गेला, हे मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. जो खेळाडू हॉटेलच्या मागच्या दाराशी क्षणभर थांबून पुन्हा आत गेला, त्याला स्वतःच्या जिवापेक्षा घरच्या माणसांचे काय करतील याची भीती अधिक होती.

तरीही पळणारे पळाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये बीएफसी डायनॅमोचेच फाल्को ग्योट्झ आणि डिर्क श्लेगेल हे बेलग्रेडमध्ये पार्टिझान संघाविरुद्धच्या युरोपीय सामन्याआधी दुकानातून मागच्या दाराने निसटले आणि पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत पोचले. ऑगस्ट १९६९ मध्ये जलतरणपटू आक्सेल मिटबाउअर अंगाला व्हॅसलिन फासून बाल्टिक समुद्रात उतरला आणि वीसहून अधिक किलोमीटर पोहून पश्चिमेकडच्या ल्युबेकच्या उपसागरातल्या एका बोयापर्यंत, म्हणजे तरंगत्या खुणेपर्यंत, गेला. त्याआधी त्याला अटक होऊन त्याच्यावर आजन्म बंदी घातलेली होती. अशा कथा वृत्तपत्रांना आवडतात, आणि त्या माणसांच्या धाडसाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्याकडे पाहून इतरांना 'तुम्ही का नाही?' असे विचारणे हे आईवडील, मुले आणि भावंडे यांचे ओझे मोजल्याशिवाय शर्यतीचा निकाल लावण्यासारखे आहे.

आता फाईलच्या आत जाऊ, कारण तिथे नवख्या वाचकाची सर्वांत जास्त गफलत होते. खबऱ्याशी झालेल्या भेटीचा अहवाल साधारण एकाच साच्यात असतो. वर भेटीची तारीख, वेळ आणि जागा. ती जागा बहुधा एखाद्या विश्वासातल्या नागरिकाने उपलब्ध करून दिलेली खोली असते. त्याखाली खबऱ्याचे टोपणनाव, मग त्याने सांगितलेला मजकूर, मग अधिकाऱ्याचे मूल्यमापन आणि शेवटी पुढच्या भेटीपर्यंतची कामे. मजकूर वाचायला कंटाळवाणा असतो. अमकी खेळाडू ॲमस्टरडॅममध्ये रेकॉर्डच्या दुकानासमोर बराच वेळ उभी होती. तमक्याने जेवताना केळी मिळत नाहीत म्हणून विनोद केला. तिचा नवा मित्र अभियंता असून त्याचा भाऊ पश्चिमेत हॅनोव्हरला आहे. यातल्या एकाही वाक्यात गुन्हा नाही. पण शेवटच्या 'कामे' या भागात अधिकारी लिहितो की मित्राच्या भावाची माहिती काढावी आणि तोपर्यंत तिच्या पुढच्या दौऱ्याचा निर्णय थांबवावा. एका माजी नौकानयनपटू बाईंबरोबर मी अशीच फाईल वाचत होतो. टोपणनावामागे कोण आहे हे त्यांनी मजकुरावरून ओळखले, कारण खांद्याच्या दुखण्याविषयीची एक गोष्ट त्यांनी फक्त मालिश करणाऱ्या माणसाला सांगितली होती. त्यांनी पान उलटले नाही. आधी त्या तारखेला आपली मुलगी किती वर्षांची होती याचा हिशेब केला. रद्द झालेल्या त्या दौऱ्याचे खापर त्या आजवर शर्यतीत नोंदवलेल्या स्वतःच्या खराब वेळेवर फोडत आल्या होत्या.

फाईल हे सत्य नव्हे, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. खबऱ्याला आपण उपयोगी आहोत हे दाखवायचे असते, अधिकाऱ्याला बढती हवी असते, आणि दोघेही ऐकलेल्या गप्पांना कटाचा रंग देऊ शकतात. घटनांच्या तारखा, कोण कुठे होते, कोणता निर्णय कधी झाला या बाबतीत फायली बऱ्याच विश्वासार्ह असतात. माणसाच्या मनात काय होते याबाबतीत त्या फारच कमी विश्वासार्ह असतात. भरवसा कुठे ठेवायचा हे ओळखणे हेच या कामातले कौशल्य आहे.

खबरे कसे झाले, याचेही उत्तर एकच नाही. काहींचा राजवटीवर मनापासून विश्वास होता. काहींना दौऱ्याचे आमिष होते, काहींना एखाद्या चुकीवरून कोंडीत पकडले होते, आणि कित्येकांना तर कोवळ्या वयात, प्रशिक्षकाच्या खोलीत बोलावून हाताने प्रतिज्ञापत्र लिहायला लावले होते. फिगर स्केटिंगमधला इंगो श्टॉयर, जो १९९७ मध्ये मांडी व्योट्झेलबरोबर जागतिक विजेता झाला, तो तरुण वयात 'टोर्स्टेन' या टोपणनावाने खबर देत होता हे २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकच्या तोंडावर जाहीर झाले आणि मोठा वाद उसळला. श्टॉयरप्रमाणेच कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये सराव करणाऱ्या काटारिना विटवर तर बालपणापासून पाळत होती. १९८४ आणि १९८८ च्या या सुवर्णविजेतीची फाईल हजारो पानांची आहे आणि तिच्या अगदी खासगी क्षणांचीही नोंद तीत आहे. याच विटला राज्याकडून सवलतीही मिळाल्या, म्हणून पुढे फाईलचा काही भाग लाभार्थी म्हणून माध्यमांना खुला करण्याचा मुद्दा आला आणि तिने त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. मला या प्रकरणात तिची बाजू पटते. घर आणि गाडी मिळाली म्हणून शयनगृहातली नोंद सार्वजनिक होत नाही.

नकार देता येत होता का? येत होता, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. श्टाझीने गाठल्याचे ज्याने चार मित्रांना किंवा क्लबमध्ये उघडपणे सांगून टाकले, तो गुप्त कामासाठी निरुपयोगी ठरे आणि पुष्कळदा त्याचा नाद सोडून दिला जाई. किंमत मोजावी लागे, दौरे बुडत, पण तुरुंग वाट्याला येईच असे नाही. मात्र हे शक्य आहे हे सतरा वर्षांच्या मुलाला सांगणार कोण? प्रशिक्षक, शिक्षक आणि वसतिगृहप्रमुख हेच तर त्याचे जग होते.

या सगळ्या गुप्ततेमागे आणखी एक कारण होते. १९७४ पासून उत्तेजक औषधे देण्याचा कार्यक्रम सरकारी योजना म्हणून राबवला जात होता आणि येनाफार्म या सरकारी कारखान्याच्या निळ्या गोळ्या अल्पवयीन मुलींनाही जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. पळून जाणारा खेळाडू हा म्हणूनच नुसता राजकीय नामुष्कीचा विषय नव्हता, तो पुरावा होता; धावपटू रेनाटे नॉयफेल्ड १९७७ मध्ये पश्चिमेत पोचली ती गोळ्या सोबत घेऊनच. आणि या कार्यक्रमातला प्रमुख डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर स्वतः 'टेक्निक' या नावाने श्टाझीला अहवाल देत होता, ज्यांत औषधांच्या दुष्परिणामांचीही नोंद होती. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्याला आणि क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्डला दोषी ठरवून निलंबित कारावासाची शिक्षा दिली, तेव्हा असेच कागद पीडितांच्या कामी आले. आपल्या शरीराचे काय केले गेले हे अनेक स्त्रियांना पाळत ठेवणाऱ्यांच्या दफ्तरातूनच कळले.

तेव्हा लाभार्थी कोण? सामान्य माणसाला ट्राबांट गाडीसाठी दहा वर्षांहून अधिक थांबावे लागत असताना खेळाडूला ती लवकर मिळत होती, घर मिळत होते, टेलिफोन मिळत होता, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट एका सहीने काढून घेता येत होती. मिळालेले जितके जास्त, तितके गमावण्यासारखेही जास्त. ज्याने दुसऱ्याविषयी खबर दिली आणि त्यामुळे त्या माणसाचे नुकसान झाले, त्याची जबाबदारी वेगळी मोजली पाहिजे. नुसता खेळला, जिंकला आणि घरी परतला, त्याच्याकडून मी कसलीही कैफियत मागणार नाही.

आजच्या काळाविषयीही विचारणा आहे. साधने बदलली, पद्धत ओळखीची आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी बेलारूसची धावपटू क्रिस्त्सीना त्सिमानौस्काया हिने न विचारता रिले शर्यतीत नाव घातल्याबद्दल समाजमाध्यमावर प्रशिक्षकांवर टीका केली. तिला सामान आवरायला लावून हानेदा विमानतळावर नेण्यात आले. वाटेत आजीचा फोन आला की परत येऊ नकोस. तिने विमानतळावर जपानी पोलिसांना मोबाईलवर भाषांतर करून मदत मागितली, पोलंडने तिला मानवतावादी व्हिसा दिला आणि पुढे ती पोलंडकडून धावली. तिचा नवराही लगोलग देशाबाहेर पडला, हे मला निर्णायक वाटते. तो मागे राहिला असता तर दडपण कुठून आले असते हे आयगेनडोर्फच्या फाईलवरून कळते.

ज्यांना या विषयावर लेख लिहायचा आहे त्यांच्यासाठी शेवटी कामाची गोष्ट. १९९२ च्या जानेवारीपासून प्रत्येकाला स्वतःची फाईल मागता येते. २०२१ पासून हे दफ्तर जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. संशोधक आणि पत्रकारांनाही अर्ज करता येतो, पण तिसऱ्या माणसांची नावे काळी करून मिळतात. टोपणनाव आणि खरे नाव यांचा मेळ दोन वेगळ्या कार्डसंचांतून लागतो: एकात खरी नावे, दुसऱ्यात प्रकरणांचे क्रमांक. दोन्ही कार्डे जुळल्याशिवाय कोणाला खबऱ्या म्हणू नये. नुसते कार्ड सापडले तरी घाई करू नये, कारण त्यावरून श्टाझीने त्या माणसाची नोंद केली एवढेच कळते. त्याने खरोखर काय सांगितले हे भेटींच्या अहवालांतच पाहावे लागते. आणि खेळाडू हयात असेल, तर त्याच्याविषयीचे पान छापण्याआधी ते त्याला वाचायला द्यावे.